लोकरीचं भिजत घोंगडं

एखादं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं की मराठी माणूस म्हणतो, ‘त्याचं भिजत घोंगडं पडलंय.’ हा वाक्प्रचार ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, त्याला घोंगडीचा चांगलाच अनुभव असणार. सुती धोतर पिळून दोरीवर टाकलं की दुपारपर्यंत कोरडं होतं. घोंगडी एकदा गच्च भिजली की पिळता येत नाही, एकट्याला उचलत नाही आणि झडीच्या दिवसांत लवकर वाळतही नाही. ज्या लोकरीची ही घोंगडी होते, त्या लोकरीच्या धंद्याची महाराष्ट्रातली अवस्था नेमकी अशीच आहे.

२०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. २०२२-२३ मध्ये देशात ३ कोटी ३६ लाख किलो लोकर निघाली. त्यातली जवळपास निम्मी एकट्या राजस्थानची. त्याखालोखाल जम्मू-काश्मीर, मग गुजरात आणि चौथ्या क्रमांकावर महाराष्ट्र, ४.७३ टक्क्यांसह. म्हणजे वर्षाकाठी सोळा लाख किलोच्या आसपास. मेंढीमागे हिशेब केला तर जेमतेम सहाशे ग्रॅम. आकडा फार मोठा नाही, पण टाकून द्यावा इतका लहानही नाही. तरी यातली बरीच लोकर टाकूनच दिली जाते. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून माणदेशातला मेंढपाळ कित्येकदा कातरलेली लोकर बांधावर किंवा ओढ्यात टाकून पुढे निघतो. कातरणी मात्र टाळता येत नाही. अंगावर लोकर वाढली की मेंढीला उन्हाचा त्रास होतो, गोचिड्या होतात. एकेकाळी जे उत्पन्न होतं, ते आता खर्चाच्या खात्यात जमा झालं आहे.

हे का झालं, हे समजायला आधी लोकरीचा एक केस चिमटीत धरून पाहावा लागतो. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण चोवीस मायक्रॉनच्या आत असतो. तिशीच्या पुढे गेलेला तंतू माणसाच्या कातडीला टोचायला लागतो. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर चाळिशीच्या आसपास किंवा त्याहूनही जाड असते. शिवाय तिच्यात खरी लोकर आणि राठ केस यांची सरमिसळ असते. हे केस आतून पोकळ असतात, त्यांच्यावर रंग नीट चढत नाही. तंतूची लांबीही कमी. त्यामुळे सुटाचं तलम कापड विणणाऱ्या यंत्रांना ही लोकर चालतच नाही.

ठाण्यात १९२५ साली रेमंडची वुलन मिल उभी राहिली. १९४४मध्ये ती सिंघानियांकडे गेली आणि पुढे देशभर सुटाच्या कापडाचं दुसरं नावच होऊन बसली. महाराष्ट्रातली सर्वात नावाजलेली लोकरगिरणी म्हणजे हीच, पण तिचं कापड मुख्यतः परदेशी मेरिनोचं. माणदेशी लोकरीशी तिचा फारसा संबंध आला नाही. आता ठाण्याची ती गिरणीही बंद झाली असून तिच्या जागेवर निवासी इमारती आहेत. २९ डिसेंबर २०२२ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार अमलात आला आणि तिकडच्या लोकरीवरचं आयात शुल्कही गेलं. सुटाच्या बाजारात दख्खनी मेंढीने मेरिनोशी टक्कर द्यावी, असं कुणी म्हणत असेल तर ते भाबडेपणाचं आहे.

मग ही लोकर कशासाठी? याचं उत्तर दख्खनच्या पठाराने शेकडो वर्षांपूर्वीच शोधलं होतं: घोंगडी. पावसात डोक्यावरून खोळ, रात्री अंथरूण-पांघरूण, बिरोबाच्या समोर बैठक, बाजारात ओझ्याखाली चुंबळ. दाट विणीच्या घोंगडीवरून पाऊस ओघळून जातो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ती सहजी पेटत नाही. पेटलीच तर ज्योत बाजूला काढताच विझते. कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्याला याहून चांगलं घर पाठीवर नेता आलं नसतं.

तिच्यामागची कामाची वाटणीही ठरलेली होती. मेंढी धनगराची, वीण सणगराची. कातरण्याआधी मेंढ्या ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात घालून धुवायच्या. वर्षातून दोनदा कातरणी. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, सर्वांत मऊ, तिची घोंगडी वेगळी आणि महाग. कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडायची, पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि ते बायकांनी चरख्यावर कातायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे सूत ताठ राहतं आणि मागावर तुटत नाही. मग खड्ड्यातल्या मागावर बसून वीण. काळी, करडी, पांढरी, तपकिरी अशी रंगांची पट्टी मेंढीच्या पाठीवरूनच यायची. रंगाऱ्याची गरज नव्हती.

या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा मागाचा वाटतो, प्रत्यक्षात तुटला तो कताईचा. पिंजणं आणि कातणं हे घोंगडीतलं सर्वांत वेळखाऊ काम. ते घरातल्या बायकांनी, बहुधा हिशेबात न धरलेल्या कष्टांवर चालवलं. त्यांच्या मुली शाळेत गेल्या, सुनांना रोजगार हमीवर किंवा द्राक्षबागेत रोख मजुरी मिळू लागली, तशी चरख्यावर बसायला माणूस उरलं नाही. त्याच काळात पानिपतची स्वस्त ब्लँकेटं गावोगावच्या आठवडी बाजारात पोचली. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या फाडून, पुन्हा कातून केलेली ही ब्लँकेटं घोंगडीच्या कितीतरी कमी किमतीत मिळायची. त्यानंतर कृत्रिम धाग्याची आली, ती त्याहूनही स्वस्त. दख्खनच्या जाड कांबळ्यांना लष्कराची मोठी मागणी असे, तीही आटली.

सातारा जिल्ह्यातलं म्हसवड घ्या. माण तालुक्यातलं हे गाव घोंगडीसाठी ओळखलं जायचं. इथून पुढे आटपाडी, सांगोला, जत असा मेंढपाळांचा सलग पट्टा आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने मराठी वाचकाला जो ओळखीचा करून दिला, तोच. इथे मेंढी आहे, विणकर अजून थोडे तरी आहेत, आणि गिऱ्हाईकही हळूहळू परत येऊ लागलं आहे. कातर आणि माग यांच्या मधलं धुणं, निवडणं, पिंजणं, कातणं मात्र करायला कुणी नाही. लोकरगिरणी हवी ती या मधल्या जागेसाठी.

अशी गिरणी म्हणजे चिमणी, भोंगा आणि हजार कामगार असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर बेलफास्ट मिनी मिल्स नावाची कंपनी आहे. एखाद्या गोठ्यात मावतील अशी लोकर पिंजायची आणि कातायची छोटी यंत्रं ती बनवते, आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या कुटुंबांच्या गिरण्या वेगवेगळ्या देशांत चालतात. अमेरिकेत व्हर्मांट राज्यातल्या पटनी गावात १९८१ साली ग्रीन माउंटन स्पिनरी सुरू झाली, तीही एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत. यंत्रं घेतली ती जुन्या गिरण्यांतली. आसपासच्या मेंढपाळांची लोकर विकत घ्यायची, शिवाय कुणी आपली लोकर आणून दिली तर मजुरीवर तिचं सूतही कातून द्यायचं, असा दुहेरी धंदा. पुढे या गिरणीची मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. चाळीस वर्षांनंतरही ती चालू आहे, आणि लहानच आहे.

आइसलँडचं उदाहरण माणदेशाला अधिक जवळचं वाटावं. तिथल्या मेंढीची लोकरही दुपदरी असते: बाहेर लांब राठ केस, आत मऊ लोकर. मेरिनोच्या मापाने पाहिलं तर तीही ‘खराब’च. पण तिथल्या लोकांनी पीळ न देता नुसत्या पिंजलेल्या पेळूपासून, म्हणजे ‘लोपी’पासून, स्वेटर विणायला घेतले. गेल्या शतकाच्या मध्यात रूढ झालेला तो गोल नक्षीचा स्वेटर आज त्या देशाची ओळख आहे. जुनी मोठी लोकर कंपनी बुडाल्यावर १९९१ साली ‘इस्टेक्स’ ही कंपनी उभी राहिली. तिच्यात मेंढपाळांचीच मोठी मालकी आहे. देशातली लोकर एका गावात धुतली जाते आणि दुसऱ्या गावात कातली जाते. इतक्या छोट्या देशाला एवढीच व्यवस्था पुरते.

तरी मराठी वाचकाने सर्वांत नीट पाहावं ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांकडे. हॅरिस ट्वीड तिथलं. १९९३ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा करून त्याची व्याख्या ठरवली: लोकर बेटावरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी, हाताने विणलेलं हवं. यातली मेख अशी की रंगवणं, पिंजणं, कातणं ही कामं बेटावरच्या गिरण्या करतात. विणकराच्या घरी तयार सूत येतं आणि विणलेलं कापड पुन्हा गिरणीत धुवायला, नीट करायला जातं. थोडक्यात, कष्टाचं आणि घाणीचं काम यंत्राकडे, कौशल्याचं काम माणसाकडे. आपल्याकडे वर्षानुवर्षं उलट झालं. हातकताई हीच खरी, तिला यंत्र लावलं तर घोंगडीचं पावित्र्य जाईल, या समजुतीपायी बायकांचे गुडघे झिजले आणि शेवटी मागही बंद पडले. गिरणीच्या सुतावर हाताने विणलेली घोंगडी ही घोंगडीच. हेब्रिडीजच्या लोकांना त्यात काही कमीपणा वाटला नाही.

देशातही उदाहरणं आहेत. कुल्लूची भुट्टिको ही विणकरांची सहकारी संस्था १९४४पासूनची; ठाकूर वेदराम यांनी तिला १९५०च्या दशकात नव्याने उभं केलं आणि कुल्लूची शाल देशभर नेली. हिमाचलमध्ये गद्दी मेंढपाळांची लोकर विकत घेणारा सरकारी सहकारी महासंघ आहे. मेंढीपालनाशी निगडित सेंटर फॉर पॅस्टोरॅलिझमने ‘देशी ऊन’ या नावाने भारतीय लोकरीसाठी मोहीम चालवली आहे. त्याच नावाचा, सुरेश एरियाट यांनी केलेला लघुपट २०२५मध्ये फ्रान्समधल्या आनेसी इथल्या ॲनिमेशन महोत्सवात पारितोषिक मिळवून आला. पुण्याची अंथ्रा ही पशुवैद्यकांची संस्था तर कितीतरी वर्षं दख्खनी मेंढीची बाजू लावून धरते आहे. बोलणाऱ्यांची उणीव नाही. उणीव आहे ती पिंजण यंत्राची.

आता माणदेशात अशी गिरणी उभी करायची, तर हिशेब कसा दिसेल? समजा, दिवसाला वीस किलो धुतलेली लोकर पिंजून कातणारी छोटी गिरणी आहे आणि ती वर्षाचे अडीचशे दिवस चालते. तिला पाच हजार किलो धुतलेली लोकर लागेल. धुण्यात माती, घाम, मेण आणि कुसळं जाऊन तीस टक्के घट धरली, तर कच्ची लोकर सात हजार किलोंहून थोडी जास्त. मेंढीमागे सहाशे ग्रॅम या हिशेबाने त्यासाठी बारा हजार मेंढ्या पुरतात. दीडशे-दोनशेचं एक खांडवं धरलं तर साठ ते ऐंशी खांडवी. एखाद-दुसऱ्या तालुक्यात एवढी मेंढरं सहज निघतील. गिरणीत फार तर आठ-दहा माणसं लागतील, पण तिच्या सुतावर चालणारे माग त्याहून कितीतरी जास्त लोकांना काम देतील.

पाण्याचं काय, हा प्रश्न कुणीही विचारील, आणि माण तालुक्यात तो विचारायलाच हवा. लोकर साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात साबण घालून धुतात आणि त्यातून निघणारं पाणी मेण, माती, घाम यांनी गढूळ असतं. मेरिनोच्या लोकरीत मेण भरपूर, म्हणून तिला धुणं मोठं काम. दख्खनी लोकरीत मेण कमी. शिवाय मेंढ्या कातरायच्या आधी पाण्यात घालायची धनगरांची रीत म्हणजे अर्धं धुणं मेंढीच्या पाठीवरच उरकून घेणं. तरी गिरणीला पाणी पुन्हा वापरण्याची आणि गाळ साठवण्याची सोय सुरुवातीपासूनच करावी लागेल. नंतर बघू, असं म्हटलं तर पहिल्या उन्हाळ्यातच यंत्रं थांबतील.

याहून अवघड गाठ पैशाची आहे, आणि ती यंत्राच्या किमतीची नाही. दूध संघाला रोज दूध येतं, रोज विकलं जातं. लोकर येते वर्षातून दोनदा, तीही काही आठवड्यांत. म्हणजे गिरणीला वर्षभराचा कच्चा माल हंगामात रोखीने घ्यावा लागणार आणि सूत मात्र बारा महिने थोडं थोडं विकत बसावं लागणार. मधल्या काळात पैसा अडकतो. छोट्या लोकरगिरण्यांचा श्वास कोंडतो तो इथेच. माणदेशात त्यासाठी काही आधार आहे: म्हसवडलाच १९९७मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, आणि ती ग्रामीण बायकांच्या छोट्या धंद्यांना कर्ज देते. केंद्र सरकारच्या एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमाला २०२१ ते २०२६ या काळासाठी १२६ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात यंत्राने कातरणी आणि सामाईक सुविधा केंद्रं यांची तरतूद आहे. देशाच्या मानाने ही रक्कम तोकडी. एका तालुक्याच्या गिरणीला त्यातला कणभरही पुरेल.

इथे सावधपणे एक आठवण काढायला हवी. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या काढण्याची एक लाटच येऊन गेली. सरकारी भागभांडवल मिळतंय म्हणून, आसपास कापूस नसतानाही गिरण्या निघाल्या. त्यातल्या कितीएक आज कुलूपबंद आहेत. उत्तरेत १८७६ सालची कानपूरची ‘लाल इमली’ आणि १८८०ची पंजाबातली धारीवाल या लोकरगिरण्यांची गतही निराळी नव्हती. लष्करासारख्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर वाढलेला धंदा ते गिऱ्हाईक हललं की कोसळतो. लोकरगिरणी उभी राहील ती इमारतीच्या भूमिपूजनाने नाही. आधी कातरणीच्या जागी ताडपत्री अंथरली पाहिजे, पांढरी-काळी-करडी लोकर तिथेच वेगळी झाली पाहिजे, पोटाकडची मळकी लोकर बाजूला पडली पाहिजे, आणि स्वच्छ मालाला मेंढपाळाच्या हातात जागेवर जास्त पैसे पडले पाहिजेत. या कामाला यंत्र लागत नाही. दोन हंगाम नुसतं एवढं जमलं, की मग यंत्राची ऑर्डर द्यावी.

सूत घोंगडीतच जिरेल असं नाही, आणि जिरूही नये. जाड, पोकळ केसांच्या लोकरीपासून उत्तम नमदा होतो. आसनं, पिशव्या, गालिचे होतात. उष्णता आणि आवाज अडवायला भिंतीत घालायचे लोकरीचे थर युरोपात वापरले जातात. राहिलेल्या मळक्या लोकरीतही भरपूर नत्र असतं. ती दाबून गोळ्या केल्या तर हळूहळू विरघळणारं खत मिळतं आणि मातीतली ओलही टिकते. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात त्याला गिऱ्हाईक शोधायला दूर जावं लागू नये. ज्या लोकरीला आज ओढा मिळतो, तिची ही शेवटची जागा तरी नक्की असू शकते.

घाई करण्याचं कारण वेगळंच आहे. लोकरीला पैसा नाही म्हटल्यावर मेंढपाळ मटणाकडे वळला. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला मागणी वाढली, ती वजनासाठी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळ्या कोकरांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या उत्पन्नासाठी ते काम मोलाचं आहे, पण त्याचाही भर कोकरांवर, म्हणजे मांसावर. राज्याची महामेष योजना मेंढ्यांची संख्या वाढवण्यासाठी आहे, १९७८पासून पुण्यात मेंढी-शेळी विकास महामंडळही आहे. मेंढी वाढवायला सगळे आहेत. तिच्या पाठीवरच्या लोकरीचं पाहणारं मात्र क्वचितच कुणी, आणि दख्खनी मेंढीची जागा केसाळ मेंढीने घेतली की काळी लोकर मागूनही मिळणार नाही.

तोवर शहरातल्या वाचकाला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. प्रदर्शनात, जत्रेत, दिवाळीच्या बाजारात घोंगडी विकत घेताना दुकानदाराला तिच्या किमतीबरोबर तिचं सूत कुठे कातलं, लोकर कुणाच्या मेंढ्यांची, हेही विचारा. खूपदा त्याला ठाऊक नसेल. ज्याला ठाऊक असेल, त्याच्याकडूनच घ्या, आणि ती थोडी टोचली तर कुरकुर करू नका. खाली सुती चादर टाकून पांघरली की टोचत नाही.